पॉइंट टू-टू : एका लहानशा काडतुसाचा इतिहास आणि बीड जिल्हा

१/
बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या एखाद्या महाविद्यालयात एन.सी.सी. केलेल्या कोणालाही विचारा. आयुष्यात पहिली गोळी कोणत्या बंदुकीतून झाडली, याचे उत्तर बहुधा एकच मिळेल : पॉइंट टू-टू. सतरंजीवर पालथे पडायचे, दस्ता खांद्यात रोवायचा, श्वास रोखायचा आणि पंचवीस यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर मोजून दिलेली काडतुसे संपवायची. गोळ्या संपल्या की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करायच्या. एक पुंगळी कमी भरली तरी सगळी तुकडी गवतात शोधत बसते.

याच जिल्ह्याचे नाव २०२५ च्या प्रारंभी बाराशेहून अधिक शस्त्रपरवान्यांमुळे महाराष्ट्रभर गाजले. पुंगळी मोजून घेणारी एक शिस्त आणि हवेत गोळ्या झाडणारी दुसरी हौस, या दोहोंचे मूळ एकाच इतिहासात आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा.

२/
प्रथम काडतूस समजून घेऊ. बंदुकीच्या काडतुसात ठिणगी पाडणारा एक स्फोटक थर असतो. मोठ्या रायफलींच्या काडतुसात तो बुडाच्या मध्यभागी, वेगळ्या टोपीत बसवलेला असतो. पॉइंट टू-टूच्या काडतुसात अशी टोपी नसते. बुडाच्या पोकळ काठातच तो थर भरलेला असतो. घोड्याची टाचणी काठावर आदळते, काठ चेपतो आणि दारू पेटते. म्हणून हे ‘रिमफायर’, म्हणजे काठावर पेटणारे काडतूस.

काठ चेपला जायचा, तर पुंगळीचा पत्रा पातळ हवा. पत्रा पातळ, म्हणून आतला दाब कमी ठेवावा लागतो. दाब कमी, म्हणून धक्का कमी, आवाज कमी आणि किंमतही कमी. एकदा चेपलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. या काडतुसाचे सगळे गुण आणि सगळ्या मर्यादा त्या पातळ काठात आहेत.

३/
१८४५ च्या सुमारास पॅरिसमधील बंदूककार फ्लोबेर याने दिवाणखान्यात नेमबाजीचा खेळ खेळता यावा म्हणून असे चिमुकले काडतूस बनवले. त्यात दारू जवळजवळ नव्हतीच. त्यावरून अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या जोडीने दारू भरलेले धातूचे काडतूस तयार केले आणि त्यासाठीचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ते वर्ष होते १८५७.

वाचकहो, या वर्षाशी थोडे थांबू. ज्या वर्षी अमेरिकेत ओलावा न शिरणारे, दातांनी फाडावे न लागणारे धातूचे काडतूस विकले जाऊ लागले, त्याच वर्षी हिंदुस्थानात एन्फिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसावरून असंतोषाचा भडका उडाला. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक होती. परंतु ठिणगी काडतुसाची होती.

४/
या ठिणगीचा बीडशी काय संबंध? संबंध आहे. आजचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि आजचे अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई. तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. ही फौज निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची.

जून १८५७ मध्ये या फौजेतील पहिल्या घोडदळाने औरंगाबादेत बंडाचा पवित्रा घेतला. निजामाच्या हद्दीबाहेर जाऊन आपल्याच लोकांशी लढणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे घोडदळ मोमिनाबादेहूनच औरंगाबादेस आले होते. पुण्याहून आलेल्या इंग्रजी फौजेने ते दडपले आणि देहान्ताच्या शिक्षा झाल्या. मराठवाड्यातील १८५७ च्या कथेत अंबाजोगाईच्या छावणीचे हे स्थान फारसे सांगितले जात नाही.

५/
उठाव संपल्यावर इंग्रजांनी पहिले मोठे काम केले ते प्रजेला निःशस्त्र करण्याचे. १८६० चा कायदा आला, आणि पुढे लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा हिंदी शस्त्र कायदा. परवान्याविना शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपीयांना मात्र त्यातून मोकळीक होती. कायद्याचे कलम आणि त्याला जोडलेली वंशभेदाची सवलत, या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तरच काँग्रेसच्या पहिल्या पिढीने या कायद्याविरुद्ध वारंवार आवाज का उठवला ते कळते. बंदूक हवी म्हणून त्यांचा राग नव्हता. आपल्यावर अविश्वास लेखी नोंदवला गेला आहे, हे त्यांना सलत होते.

६/
पण हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. निजामाचे राज्य त्याच्या थेट कक्षेबाहेर होते. तेथे शस्त्रांचे चित्र निराळे होते. अरब आणि रोहिले यांच्या भाडोत्री टोळ्या जमीनदारांच्या, सावकारांच्या पदरी असत. काही टोळीनायक स्वतःच सावकारी करीत. वसुली करायची, गढी राखायची, कर्जदाराच्या दारात माणूस बसवायचा, या सगळ्यासाठी तोड्याची किंवा ठासणीची बंदूक बाळगणारा शिपाई लागे. पहिल्या सालारजंगाच्या प्रशासकीय सुधारणांनंतर या टोळ्यांचा जोर ओसरला. जिल्हे आखले गेले, अधिकारी नेमले गेले.

तरीही एक गोष्ट लोकस्मृतीत राहिली : बंदूक ज्याच्या दारात, वजन त्याचे. नेम धरता येतो की नाही, हे कोणी विचारीत नसे. ही समजूत लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

७/
आता पुन्हा काडतुसाकडे. १८८७ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीने ‘लाँग रायफल’ नावाचे बावीस बोअरचे काडतूस आणले. जगभर आज जे पॉइंट टू-टू म्हणून ओळखले जाते ते हेच. सुमारे अडीच ग्रॅम वजनाची शिशाची गोळी आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपासचा वेग. रानडुकरासारख्या मोठ्या जनावरासाठी ते अपुरे, परंतु सश्यासाठी आणि सरावासाठी पुरेसे. येथे एक इशारा द्यायलाच हवा : लहान आहे म्हणून हे काडतूस निरुपद्रवी नाही. त्याची गोळी मैलभर जाऊ शकते आणि माणसाचा जीव घेऊ शकते.

८/
कमी दाबाचा आणखी एक परिणाम झाला. मोठ्या रायफलीत गोळी सुटताना मागचा खटका घट्ट बंद राहावा म्हणून मजबूत कुलूपबंद रचना लागते. अर्धस्वयंचलित, म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सोडून पुढची आपोआप भरणारी मोठी रायफल बनवायची, तर ते कुलूप आपोआप उघडण्याची गुंतागुंतीची यंत्रणा हवी.

पॉइंट टू-टूला याची गरज नाही. खटका पुरेसा जड आणि मागची स्प्रिंग योग्य ताणाची असली की झाले. गोळी नळीतून निघून जाईपर्यंत खटक्याचे वजनच त्याला जागी धरते; मग उरलेल्या दाबाने तो मागे सरकतो, रिकामी पुंगळी फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस आत ढकलतो. भाग थोडे, म्हणून किंमत थोडी. स्वस्त अर्धस्वयंचलित रायफल सर्वप्रथम या काडतुसासाठी साध्य झाली, ती यामुळे.

९/
१९०३ मध्ये विंचेस्टर कंपनीने अशी पहिली यशस्वी रायफल विक्रीस आणली. १९१४ मध्ये जॉन ब्राउनिंग याने रचलेली, दोन भागांत सुटी करता येणारी देखणी रायफल बेल्जियममध्ये बनू लागली. १९६४ मध्ये रुगर कंपनीची दहा काडतुसांची ‘टेन ट्वेंटी-टू’ आली. तिची पहिली किंमत होती ५४.५० डॉलर. अमेरिकेत ती घराघरांत पोचली. शेतकऱ्याचा मुलगा सुट्टीतल्या मजुरीतून ती घेऊ शके. आजवर तिचे लक्षावधी नग विकले गेले आहेत.

योगायोगाने १९०३ हे वर्ष मोमिनाबादच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी हैदराबाद कंटिंजंट ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात विलीन झाली आणि तिचे वेगळे अस्तित्व संपले. एकीकडे बंदूक सामान्य माणसाच्या हातात स्वस्त होत होती. इकडे बंदूक सरकारच्या हातात एकवटत होती.

१०/
१९३१ मध्ये कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव झाला. आज अनेकांना आश्चर्य वाटेल, पण गांधीजींच्या काँग्रेसने स्वीकारलेल्या त्या हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट होता. अहिंसा ही निःशस्त्र केलेल्या माणसाची लाचारी नसावी, शस्त्र हाती घेणे शक्य असूनही ते न उचलणाऱ्याची निवड असावी, असा त्यामागचा विचार समजून घेता येतो.

त्या ठरावाला अवघी सतरा वर्षे झाली, आणि हाच प्रश्न संविधान सभेपुढे आला.

११/
परंतु त्या आधी १९४८ चे बीड पाहू. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तरी बीड झाले नव्हते. निजामाने स्वतंत्र राहण्याचा निर्णय घेतला होता आणि लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखाली रझाकारांची संघटना गावोगाव पसरली होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे हैदराबादेत उतरवीत होता. सरहद्दीपलीकडे, नगर आणि सोलापूरच्या बाजूला, स्टेट काँग्रेसची शिबिरे उभी होती. तेथील तरुणही शस्त्रे मिळवून प्रतिकार करीत होते.

या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे एके काळी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. छावणीच्या गावाने लढ्याला एक शिक्षक दिला, ही गोष्ट बीडकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

१२/
१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी राज्यपाल झाले. मुक्तीचा आनंद खरा होता. त्याच्या आगेमागे मराठवाड्याने पाहिलेला हिंसाचारही खरा होता : आधी रझाकारांनी केलेला, आणि नंतर निरपराध मुसलमानांवर सूड म्हणून झालेला. त्या दुसऱ्या हिंसाचाराची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. तिचा अहवाल पुढे अनेक दशके सरकारी दप्तरात बंद राहिला.

नागरिकांच्या हातातील शस्त्र दोन्ही बाजूंनी काय करू शकते, हे या प्रदेशाने काही महिन्यांच्या अंतराने पाहिले.

१३/
आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, दिल्लीत, संविधान सभेचे सदस्य हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली : कराचीच्या ठरावाप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकीय सरकारच्या काळातील मागणी आणि स्वतंत्र राज्याची गरज यांत फरक आहे. असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारालाही तो मागता येईल, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

आज आपल्या संविधानात नागरिकाच्या हक्कांच्या प्रकरणात शस्त्राचा उल्लेख येतो तो कलम १९ मध्ये : शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीशी तुलना करणाऱ्यांनी हा फरक आधी ध्यानात घ्यावा. आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही. ती राज्याने दिलेली परवानगी आहे.

१४/
याच सुमारास दोन संस्था जन्मल्या, आणि पॉइंट टू-टू भारतीय तरुणांच्या हाती आली ती त्यांच्यामुळे.

पहिली एन.सी.सी., जुलै १९४८. म्हणजे ती स्थापन झाली तेव्हा बीड भारतात नव्हते! दुसरी नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१. तिचे पहिले अध्यक्ष कोण, हा प्रश्नमंजूषेत विचारण्याजोगा प्रश्न आहे. कोणी सेनापती नव्हे, महाराजाही नव्हे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले, कस्तुरबा स्मारक निधीचे काम पाहिलेले गांधीमार्गी मराठी गृहस्थ. देशातील नेमबाजांची मावळंकर स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते.

१५/
गांधीमार्गी माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष, यात विसंगती आहे का? मला तशी ती वाटत नाही. सभागृहात सदस्याला बोलण्याची वेळ मिळते, ती संपली की बसावे लागते. नेमबाजीच्या मैदानातही आदेश मिळाल्याशिवाय काडतूस भरता येत नाही, आणि ‘थांबा’ म्हटल्यावर एकही गोळी सुटता कामा नये. नळी नेहमी लक्ष्याच्या दिशेनेच असावी लागते. अधिकाराला नियमाची चौकट असते, हे दोन्ही ठिकाणी शिकायला मिळते. शस्त्राला घाबरून दूर ठेवण्यापेक्षा ते शिस्तीने शिकवावे, ही नव्या प्रजासत्ताकाची एक भूमिका होती.

१६/
ती भूमिका १९५९ च्या शस्त्र कायद्यात उमटली. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. तोपर्यंत बीड हैदराबाद राज्यातून १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले होते.

या कायद्याचे कलम १३ वाचण्यासारखे आहे. बहुतेक शस्त्रांसाठी अर्जदाराने सबळ कारण दाखवावे लागते. पण काही मोजक्या बाबतींत कायदा परवाना ‘द्यावा’ असे म्हणतो. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून आखूड नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफल. अर्थात पोलीस अहवाल आणि नकाराची कारणे सांगणारे कलम १४ या सर्वांना लागू आहेच.

१७/
म्हणजे कायदा करणाऱ्यांनी तीन नागरिक डोळ्यांपुढे ठेवले होते : स्वतःचे घर राखणारा, शेत राखणारा, आणि शिकणारा. तिसऱ्यासाठी त्यांनी नाव घेऊन निवडलेले शस्त्र पॉइंट टू-टू होते.

पण एक रेषाही आखली. शस्त्र नियमांच्या वर्गवारीत अर्धस्वयंचलित बंदुका पहिल्या, सर्वाधिक कडक वर्गात टाकल्या. त्यांचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हातात नाही. तो विषय केंद्र सरकारचा. अपवाद केला तो पिस्तुलांचा. म्हणून अमेरिकेतील शेतकऱ्याच्या घरात कोपऱ्यात उभी असणारी स्वस्त अर्धस्वयंचलित बावीस बोअर रायफल भारतातील सामान्य नागरिकाला मिळत नाही. आपल्याकडची परवान्याची पॉइंट टू-टू रायफल म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका ओढावा लागणारी. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याने ती बनवली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी आयातीची दारेही बंद झाली. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत राहिली.

१८/
एक शंका येथे साहजिक आहे. काडतूस तेच, गोळी तीच. मग दर वेळी हाताने खटका ओढायचा की तो आपोआप सरकायचा, एवढ्या फरकासाठी इतका कडकपणा का?

उत्तर वेगात आहे. हाताने खटका ओढताना नेमबाजाची नजर लक्ष्यावरून हलते, श्वास मोडतो, विचाराला क्षणभर जागा मिळते. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत ती जागा उरत नाही. जगात अनेक देशांनी ही रेषा वेगवेगळ्या ठिकाणी आखली. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर अर्धस्वयंचलित रायफलींवर कडक निर्बंध आले, आणि त्यांत बावीस बोअरच्या रिमफायर रायफलीही आल्या. भारताने ही रेषा १९६२ मध्येच आखली होती. शौकिनाला ती जाचक वाटेल. पण १९४८ पाहिलेल्या पिढीने ती आखली, हे विसरता येत नाही.

१९/
त्या मर्यादेत राहून महाराष्ट्राने काय मिळवले? एन.सी.सी.तून घडलेल्या मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले; नेमबाजीत विश्वविजेती झालेली ती पहिली भारतीय महिला. ही स्पर्धा पॉइंट टू-टूची. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

स्वप्निलची रायफलही एका वेळी एकच काडतूस घेते.

२०/
अर्धस्वयंचलित रिमफायर शस्त्र भारतात कायदेशीरपणे पाहायचेच असेल, तर ते पिस्तुलाच्या रूपात, पंचवीस मीटरच्या मैदानावर. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले, ते अशा बावीस बोअरच्या पिस्तुलाने.

कोल्हापूरची ही नावे एकामागोमाग आली, हा योगायोग नाही. तेथे मैदाने होती, मार्गदर्शक होते, आणि आधीच्या नेमबाजाला पाहून पुढची मुले येत गेली. परवान्यांची संख्या मोठी, म्हणजे नेमबाज जास्त, असे समीकरण मात्र कोठेच दिसत नाही.

२१/
आता बीड. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन निर्घृण हत्या झाली. त्यांना बेदम मारहाण करून ठार करण्यात आले. बंदुकीच्या गोळीने नव्हे. तरीही त्या हत्येनंतर जिल्ह्यातील दहशतीची जी चर्चा सुरू झाली, तीत बंदूक पुढे आली. हवेत गोळीबार करतानाच्या, कमरेला पिस्तूल लावून मिरवतानाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे उघड झाले. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने आढळले. प्रशासनाने छाननी केली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

२२/
हे सगळे पाहताना कलम १३ मधील तीन नागरिक आठवतात. घर राखणारा, शेत राखणारा, शिकणारा. चित्रफितीत यांपैकी कोण दिसतो? कोणीच नाही. तेथे दिसते ती जुनी समजूत : बंदूक ज्याच्या दारात, वजन त्याचे. अरब-रोहिल्यांच्या टोळ्या जाऊन दीडशे वर्षे झाली. दारात बसवलेल्या शिपायाची जागा गाडीतल्या अंगरक्षकाने घेतली.

पीकरक्षणाचे कारणही आता पूर्वीसारखे उरलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. पाटोदा तालुक्यातील नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे. पिकाची नासधूस हा शेतकऱ्याचा खरा आणि जुना प्रश्न आहे, पण त्याच्या नावावर कमरेचे पिस्तूल खपत नाही.

२३/
कायदाही बदलला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगायच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. खेळाडूंसाठी वेगळी तरतूद ठेवली. निष्काळजी किंवा आनंदोत्सवातील गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. वरातीत हवेत झाडलेली गोळी कोठेतरी खाली येतेच, हे साधे पदार्थविज्ञान कायद्याला लिहून सांगावे लागले.

२४/
नेमबाजी शिकण्याची इच्छा असलेल्या तरुण मित्रांनो, रस्ता आहे. एन.सी.सी. आहे. रायफल संघटना आहेत. ठराविक मर्यादेतील शक्तीच्या एअर रायफलीला परवानाही लागत नाही, आणि बहुतेक मोठ्या नेमबाजांची सुरुवात तिनेच झाली. पॉइंट टू-टू त्यानंतरची पायरी. हा रस्ता लांब आहे, खर्चाचा आहे. मराठवाड्यातील मुलांसाठी तर मैदानच दूर असते, आणि ही तक्रार रास्त आहे. जिल्ह्यात परवान्यांच्या चर्चेला जितकी जागा मिळाली, तितकी एखाद्या नेमबाजी मैदानाच्या मागणीला मिळाली असती तर बरे झाले असते.

२५/
शेवटी पुन्हा त्या सतरंजीवर येऊ. गोळ्या संपल्या आहेत, उस्ताद पुंगळ्या मोजत आहेत. एक कमी भरते. सगळे गुडघ्यांवर बसून गवत चाचपतात. मीही एकदा अशी शोधाशोध केली आहे. तेव्हा त्या अर्ध्या इंचाच्या पितळी नळीसाठी चाललेला आटापिटा हास्यास्पद वाटला होता.

आज वाटते, १९४८ नंतर या देशाने शस्त्राविषयी जे ठरवले, ते सगळे त्या मोजणीत होते. प्रत्येक गोळीचा हिशेब द्यायचा. कोणी झाडली, कशावर, कोणाच्या परवानगीने, आणि पुंगळी कोठे आहे. हा हिशेब सतरा वर्षांच्या छात्राकडून घेतला जातो. बाराशे परवान्यांकडून तो वेळच्या वेळी घेतला गेला असता, तर बीडची ओळख आज वेगळी असती.

धागा समाप्त. आपल्या गावी कोणाकडे जुनी ठासणीची बंदूक, निजामकाळातील परवाना किंवा छावणीच्या आठवणी असतील, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून जरूर लिहून ठेवा. जिल्ह्याचा इतिहास अशा टिपणांतूनच उभा राहतो.